गाडी गरम झाली का मरते

किल्ली अजून फिरवू नका. दार ओढून घ्या, काच खाली करा आणि थोडा वेळ नुसते बसा. समोर मोठं पातळ स्टिअरिंग, त्याच्याच दांड्याला गियरचा खटका. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेली फियाट अकराशे. चार सिलिंडर, १०८९ सीसी. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अकोला-अमरावतीकडे तिची तक्रार मात्र कुठल्याही गाडीसारखीच, एका दमात सांगितली जाते : “मिस्त्री, गरम झाली का मरते जी, थंडी झाली का चालू होते.”

या वाक्यापाशी थांबा. त्यात निदान नाही. जे घडलं तेवढंच आहे. आणि तरी मन लगेच पुढे पळालं, ते पाहा. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल. पंप गेला असेल. कॉइल बदलून टाकू. पाना हातात असला की हे पळणं जास्तच. माझं मत विचाराल तर कचऱ्याने जितके कार्बोरेटर बिघडले असतील, त्याहून जास्त ते विनाकारण खोलून बिघडले आहेत. तेव्हा पाना खाली ठेवा.

आता किल्ली फिरवा. चोक ओढलेलाच असू द्या. इंजिन तापायला लागलं की हळूहळू आत घ्या. गाडी स्लोवर आली की ऐका. मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या, तर चार सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० स्फोट होतात. कानाला ते सुटे मोजता येत नाहीत, सलग घरघरच ऐकू येते. पण एक सिलिंडर काम करत नसेल, तर त्या घरघरीत सेकंदाला सहा-सात खळगे पडतात आणि ते कानाला टोचतात. मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळवा धरा. वाफेचे फटकारे एकसारखे लागताहेत का? मध्येच एखादा रिकामा जातोय का? तो ठरावीक वेळाने रिकामा जात असेल, तर रोग एकाच सिलिंडरपाशी आहे. कधीही, कसाही चुकत असेल, तर चारही सिलिंडरांना सामाईक असलेल्या गोष्टीकडे वळायचं : पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, पेट्रोल.

ठरावीक मिसिंग असेल तर रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढून पाहा. वायर काढली आणि इंजिन दबकलं, म्हणजे तो सिलिंडर कमावता होता. वायर काढूनही काहीच फरक पडला नाही, तर बसून खाणारा सापडला. त्याचा प्लग लांबच्या सिलिंडरला लावा, तिथला याला. खोड प्लगबरोबर गेली, तर प्लग. जागेवरच राहिली, तर वायर किंवा कॉम्प्रेशन. दुसरा आणि तिसरा असे शेजारचे दोन्ही गप्प असतील, तर मधलं हेडगॅस्केट उडाल्याचा संशय घ्या. हातात आलेला प्लगही निरखा : कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे ऑइल वर चढतंय, पांढुरका म्हणजे मिश्रण पातळ. बदामी असेल तर त्याचं काम ठीक आहे. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर कार्बोरेटरच्या जुन्या जेटला मिश्रण पातळच पडतं, हेही लक्षात असू द्या. जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात, त्यांचे कण सुटून जेटमध्ये अडकतात. तेव्हा कुठे कार्बोरेटरचा नंबर लागतो.

पण आपली तक्रार गरम झाल्यावरची आहे. म्हणून मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ च्या वर असताना, अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघा. पुढे माना ते लोणी हा एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. विक्रमाचं कौतुक करणारे करोत. आपल्याला हा रस्ता हवा तो खडखडाट कमी म्हणून. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय स्थिर ठेवा. साठच्या आसपास. ऐकत राहा.

गाडी दोन आचके देते आणि मरते. कडेला घ्या. इथे घाई येते ती सावलीत जाण्याची, गाडी थंड होऊ देण्याची. थोडं थांबा. आत्ता गाडीबरोबर पुरावाही गरम आहे. अर्ध्या तासाने दोन्ही निवतील. संशयित तीन, आणि तिघांची खूण एकच. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल. कॉइल किंवा कंडेन्सर तापून बसला असेल. किंवा पेट्रोलची पाइपातच वाफ झाली असेल, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. तिन्ही मनात सारख्या वजनाने धरा. एकालाही अजून गुन्हेगार म्हणू नका.

आधी टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लागली, तर काम तिथेच संपलं. नाही लागली, तर एक वायर प्लगसकट काढून प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवा, पेट्रोलपासून लांब, आणि सोबत्याला स्टार्टर मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी म्हणजे करंट निर्दोष. पिवळी, मरतुकडी किंवा नसलेलीच, तर पॉइंटचं झाकण उघडा. पॉइंट जळून काळे पडले असतील तर कंडेन्सर. करंट ठीक असेल तर शेवटी पंपावर ओलं फडकं ठेवा. पाणी मात्र ओतू नका, तापलेल्या बिडाला तडा जातो. दोन-तीन मिनिटांत गाडी लागली, तर ती वाफ होती. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून किती अंतरावरून जातो, ते घरी जाऊन बघा.

झाकण, फडकं आणि नवा कंडेन्सर एकदम केलंत, तर गाडी लागेल, पण कशाने लागली ते कळणार नाही. पुढच्या मेमध्ये पुन्हा इथेच उभे राहाल.

दुरुस्ती झाली की परतवाड्यावरून चिखलदऱ्याला न्या. सपाटीवर लपलेली खोड अकराशे मीटर उंचीवर नेणाऱ्या चढावर लपत नाही. चढताना दम तुटला, तर पेट्रोल पुरत नाहीये. पंपाचा पडदा पाहा. उतारावर पाय सोडल्यावर मागे फटाके वाजले, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी सायलेन्सरचे जोड तपासा.