सजावट आणि तिची निगा

देवळ्यासारख्या समुद्रापासून दूरच्या, पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या गावात माझे आयुष्य गेले. तरीही मुंबई-लंडन मार्गावरील एका प्रवासी जहाजाच्या दालनांची छायाचित्रे सध्या माझ्या मेजावर आहेत, आणि त्यांनी मला दीर्घ विचारात पाडले आहे.

‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ हे पी अँड ओ कंपनीचे जहाज १९२९च्या फेब्रुवारीत पहिल्या सफरीवर निघाले. त्याची अंतर्गत सजावट कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांची कन्या एल्सी मॅके यांनी योजली होती. धूम्रपानाचे दालन पहिल्या जेम्स राजाच्या काळातील प्रासादावरून बेतलेले. त्यात भव्य शेकोटी, भिंतीवर तलवारी आणि राजचिन्हे. वाचनाचे दालन अठराव्या शतकातील ॲडम शैलीचे, पोहण्याचा तलाव पाँपेईच्या धर्तीचा. आपण अथांग पाण्यावर आहोत याचा प्रवाशाला विसर पडावा, हाच या योजनेचा हेतू दिसतो. मॅके यांना मात्र पूर्ण झालेले जहाज पाहता आले नाही. मार्च १९२८मध्ये विमानाने अटलांटिक ओलांडण्याच्या प्रयत्नात त्या नाहीशा झाल्या.

नावात ‘इंडिया’ असलेल्या या जहाजाच्या प्रमुख दालनांत हिंदुस्थानी शैलीचा मागमूस नाही. हिंदुस्थान तेथे होता तो राबणाऱ्या माणसांच्या रूपाने. कंपनीच्या जहाजांवर डेकची कामे कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशांकडे, तर भोजनगृह आणि केबिनची सेवा प्रामुख्याने गोव्याच्या ख्रिस्ती तरुणांकडे असे. खाऱ्या हवेत पितळ काळवंडते, लाकडाची झिलई उतरते. दालन आज जसे दिसले तसेच उद्या दिसावे, यासाठी रोज तेच काम नव्याने करावे लागते. हे गोवेकर दोन सफरींच्या मधल्या काळात मुंबईत धोबीतलावच्या परिसरात, आपापल्या गावाच्या ‘कुडा’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासात, राहत. तेथे भिंतीलगत ओळीने पेट्या मांडलेल्या असत आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होई. महालाची निगा राखणाऱ्याच्या वाट्याला स्वतःची म्हणून पेटीपुरतीच जागा येई.

आमच्या देवळ्यातील घराच्या सागवानी खांबांना आई दरवर्षी दिवाळीपूर्वी तेल लावीत असे. खांब कोरणाऱ्या सुताराची वाखाणणी घरात वारंवार होई. आईच्या श्रमाचा उल्लेख कधी झाल्याचे मला आठवत नाही. कारागिराने हत्यार खाली ठेवले की कलाकृती पूर्ण झाली, असे आपण मानतो. वस्तुतः तेथून तिच्या रक्षणाचे कर्तव्य सुरू होते, आणि ते कर्तव्य करणाऱ्याला स्वाक्षरीचा अधिकार नसतो.

युद्धकाळात सैन्य वाहणारे हे जहाज ११ नोव्हेंबर १९४२ रोजी अल्जीरियातील ओरानजवळ जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने बुडाले. शैलींची वर्णने आणि योजणाऱ्यांची नावे ग्रंथांत टिकली आहेत. गोव्या-कोकणातील काही घरांत अशा जहाजांवरील नोकरीची कागदपत्रे आणि घरी धाडलेली पत्रे अद्याप असतील. सजावटीचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकांनी आराखड्यांइतक्याच आदराने तीही मागून घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.