तो परत येतो का?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ४५ ते ५१.

विश्वरूपाचा अध्याय आता संपत आलाय. या श्लोकांत काय होतं बघा. अर्जुनाने स्वतः मागितलेलं दर्शन त्याला मिळालंय. आणि आता तोच म्हणतोय की देवा, आनंद तर झाला, पण मन भीतीने हललंय. मला तुझं ते नेहमीचं रूप दाखव. देवही त्याला रागवत नाहीत. घाबरू नकोस, गोंधळू नकोस असं म्हणून पुन्हा सौम्य होतात. मग अर्जुन सांगतो की आता मी भानावर आलो.

खरं सांगू? हे श्लोक मी कितीतरी वेळा नुसते वाचून पुढे गेलोय. या वेळी अडकलो, आणि त्याला कारण झाला एक खेळ.

गेल्या शनिवारी जळगावात मित्राच्या खोलीवर आम्ही पाच जण जमलो होतो. रोलप्लेइंग गेम खेळत होतो. यात एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्र काय करतं ते आपण सांगायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आमची गोष्ट भयकथेची होती, ‘कॉल ऑफ कथुलू’. हा खेळ अमेरिकेत १९८१ साली आला, सँडी पीटरसन यांनी केलेला. त्यात जिवाच्या गुणांसोबत ‘सॅनिटी’चेही गुण असतात, म्हणजे मनाच्या तोलाचे. भयंकर काही दिसलं की ते कमी होतात.

माझं पात्र होतं एक म्हातारे प्राध्यापक. त्यांनी तळघरातला निषिद्ध ग्रंथ उघडला, फासे वाईट पडले, आणि प्राध्यापक वेडे झाले. मग काय, मी खाटेवर उभा राहून डोळे फिरवले, काहीबाही बरळलो. सगळे पोट धरून हसले.

दाराशी चहाचा कप घेऊन माझा आतेभाऊ बसला होता. धुळ्याहून दोन दिवसांसाठी आलेला. तो हसला नाही. त्याने फक्त विचारलं, “तो प्रोफेसर परत येतो का रे?”

मी खाटेवरून खाली उतरलो.

दादाला विचारूनच पुढचं लिहितोय. काही वर्षांपूर्वी त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघून साधना सुरू केली होती. कुंडलिनी, गुप्त मंत्र, ‘हे कोणालाच सांगू नका’ अशा नावांचे व्हिडिओ. हळूहळू त्याची झोप गेली. खोलीचं दार बंद राहायला लागलं. मग आवाज ऐकू यायला लागले. घरात दोन तट पडले. काही म्हणाले साक्षात्कार होतोय, पाया पडा. काही म्हणाले बाहेरचं आहे, भगताकडे न्या. अंगारे, गंडे, उतारे यात आठ महिने गेले. दोन्ही तटांना एकच गोष्ट सुचली नाही, की पोरगा आजारी असेल. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. आज तो गोळ्या घेतो, दुकान सांभाळतो, आणि हो, रोज हरिपाठही म्हणतो.

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. खेळाच्या नियमात उत्तर आहे, पण ते फार कोरडं आहे. वेडाचा झटका काही वेळाने ओसरतो, थोडे गुण परतही मिळतात. पण त्या निषिद्ध ज्ञानाचेही गुण असतात. ते जितके वाढतील, तितकी मनाच्या तोलाची कमाल मर्यादा खाली येते. ९९ मधून सरळ वजाबाकी. आणखी एक नियम तर अंगावर येतो. एका फटक्यात ५ किंवा जास्त गुण गेले, तर बुद्धीसाठी फासे टाकायचे. बुद्धी हरली तर वाचलात, मन ती आठवण दडपून टाकतं. बुद्धी जिंकली तर काय पाहिलं ते पुरतं कळलं, म्हणून वेड! म्हणजे या जगात सत्य कळणं हीच शिक्षा आहे.

हे जग ज्याच्या कथांवरून आलं तो लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट. ‘कॉल ऑफ कथुलू’ ही त्याची कथा १९२८ साली छापून आली. तो लहान असताना वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, ते तिथेच गेले. पुढे आईही त्याच रुग्णालयात गेली, १९२१ साली. त्याच्या कथांत विश्व अफाट आहे आणि त्याला माणसाचं काहीच पडलेलं नाही. हे वाचल्यापासून मला त्या कथांची भीती कमी आणि त्या मुलाची कणव जास्त वाटते.

पण आपल्याकडे काय आहे? विश्वरूप काही गोड नाहीये, मंडळी. त्या जळत्या मुखांत योद्धे पतंगांसारखे शिरताना अर्जुनाला दिसतात. त्याला दिशा कळेनाशा होतात. ‘सॅनिटी’ची भाषा वापरायची तर त्याचे गुण धडाधड जातायत. फरक कुठे पडतो? ज्याच्याकडे बघून तो घाबरलाय, त्यालाच तो हाक मारू शकतो. इतके दिवस तुला मित्र म्हणून काहीही बोललो, जेवताना थट्टा केली, क्षमा कर, असं तो मध्येच म्हणतो. त्या भीतीतही त्याला जुनी मैत्री आठवते! आणि तो अफाट देव त्याच्यासाठी पुन्हा लहान होतो. विश्व मोठं आहे हे लव्हक्राफ्टलाही कळलं होतं. ते आपल्यासाठी लहान होऊ शकतं, हे त्याला कोणी सांगितलं नसावं.

मग ज्ञान निषिद्ध असतं का? अठराव्या अध्यायात देव म्हणतात, हे ज्याला ऐकायचंच नाही, ज्याच्याकडे तप नाही, भक्ती नाही, जो निंदा करतो, त्याला सांगू नकोस. म्हणजे बंधन आहे. पण त्याच्या थोडं आधी तेच म्हणतात की मी गुह्यातलं गुह्य सांगितलं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. माणसाचा विचार बंद पाडणारं गुपित गीतेला नकोय. आणि ज्ञानोबांनी तर १२९० साली नेवाशात ही गीता मराठीत आणली, सगळ्यांना समजेल अशी.

आता आपल्या खानदेशातच या. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे. परंपरा सांगते की चांगदेव १४०० वर्षं जगले, वाघावर बसायचे, सापाचा चाबूक करायचे. एवढं गूढ ज्ञान! पण ज्ञानोबांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा तेच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार करावा? शेवटी कोरा कागद पाठवला. इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं छोटी मुक्ताई म्हणाली. ज्ञानोबांनी त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच चांगदेव पासष्टी. आणि पुढे मुक्ताईच चांगदेवांची गुरू झाली.

मला यात एक गोष्ट फार आवडते. चांगदेवांना कोणी शाप दिला नाही, वेडं केलं नाही. त्यांच्याकडे सिद्धी होत्या, पण माणसाशी बोलायचं कसं तेच हरवलं होतं. मुक्ताईने त्यांना माणसांत आणलं. तिचीच दुसरी गोष्ट आठवा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबा दार लावून बसले, तेव्हा बाहेर उभी राहून समजूत घालत होती ती हीच. ताटीचे अभंग तिच्याच नावाचे. दार लावून बसलेल्याला हाक मारणारी ही आपली मुक्ताई, १२९७ साली इथेच तापीकाठी अंतर्धान पावली.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण इथे गल्लत झाली तर माणूस हातचा जाईल. दादाला जे झालं ते ज्ञानाची शिक्षा नव्हती आणि साक्षात्कारही नव्हता. तो आजार होता. भक्ती कमी पडली म्हणून झाला नाही आणि नुसत्या भक्तीने बरा होणारही नव्हता. अर्जुनाला दिव्यदृष्टी देणारा समोर उभा होता, रथ सांभाळत होता. दादासमोर फक्त मोबाईल होता. कोणाची झोप उडाली असेल, आवाज येत असतील, तर नाम घ्या, पण डॉक्टरांकडेही न्या. सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट लागतो. आणि भूत उतरवायच्या नावाखाली कोणी मारहाण करत असेल, साखळीने बांधत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

मग तो खेळ सोडायचा का? मी सोडलेला नाही. भीतीशी खेळणं वाईट नाही, आजीच्या भुतांच्या गोष्टीत आपण तेच तर करायचो. पण खाटेवर उभं राहून वेड्याची नक्कल मी आता करणार नाही. ज्याला हसलो, तो दाराशी बसलेला होता.

त्या रात्री दादाला मी म्हणालो, “नियमात थोडाच परत येतो.” तो म्हणाला, “मी तर आलो ना. पण आई रोज दाराबाहेर बसायची. घाबरू नको, मी शे ना, इतकंच म्हणायची.” आमची आत्या अहिराणीतच बोलते. तिने अकरावा अध्याय कधी वाचलेला नाही.

आज एवढंच करूया: ओळखीतलं जे माणूस बऱ्याच दिवसांत दिसलं नाही, मेसेजला उत्तर देत नाही, त्याला एक फोन करूया. उपदेश नको, ज्ञान नको. नुसती हाक.

राम कृष्ण हरी. उद्या पुढचे श्लोक.