मसाल्याचा डबा बंद ठेवून

फिलिपिन्समध्ये पिनाकबेट नावाची भाजी करतात. मूळची ती लुझॉन बेटाच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागातली, पण आता देशभर घरोघरी होते. तिच्यात काय काय पडतं त्याची यादी चाकणच्या बाजारात भाजीवालीला वाचून दाखवली, तर ती एकाही जिनसाला नाही म्हणणार नाही. वांगी, भेंडी, कारली, चवळीच्या कोवळ्या शेंगा, लाल भोपळा, टोमॅटो, कांदा, लसूण, आलं. आमच्या सुदुंबऱ्यात कुठल्याही घरी आठवडाभरात या सगळ्या भाज्या येतातच, फक्त त्यांचे वार वेगळे असतात. वांग्याचा दिवस निराळा, भेंडीचा निराळा, आणि कारल्याच्या दिवशी पोरांसाठी दुसरं काहीतरी करावं लागतं. या सगळ्यांना एका कढईत एकत्र बसवावं, हे एरवी आपल्या मनात येत नाही.

ही भाजी घरी करताना खरी अडचण सामानाची नसते, ती हाताची असते. तेल तापलं की हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो. मोहरी, हिंग, हळद. मग गोडा मसाला, मग दाण्याचा कूट, मग गुळाचा खडा. इतक्या वर्षांची सवय आहे ती, आणि तिच्यात काही वाईट नाही. पण हा डबा उघडला की पिनाकबेट तिथेच संपते आणि आपली नेहमीची मिश्र भाजी तयार होते. चांगलीच होते, पण शिकायला काही उरत नाही. दुसऱ्याच्या घरची भाजी करायची, तर जिन्नस खुशाल आपल्या रानातले घ्यावेत, विचार मात्र त्यांचा ठेवावा, असं माझं मत आहे.

तो विचार कढईत असा दिसतो. तेलात आधी ठेचलेला लसूण, तो सोनेरी व्हायच्या आत कांदा, कांदा मऊ झाला की टोमॅटो आणि आलं. टोमॅटोचा आकार जाईपर्यंत थांबायचं. फिलिपिन्समध्ये बहुतेक परतलेल्या भाज्यांचा पाया हाच. मूग असोत, दोडका असो, कोबी असो, सुरुवात लसूण-कांदा-टोमॅटोने. त्यानंतर मिठाची जागा घेणारी आंबवलेली कोळंबी, आणि मग भाज्या, त्यांच्या शिजण्याच्या क्रमाने: आधी भोपळा, मग शेंगा, मग कारलं, आणि शेवटी भेंडी नि वांगं. भेंडी कापायची नाही, देठ खुडून अख्खी टाकायची, म्हणजे तार सुटत नाही. कारली लहान आणि कोवळी असली तर ती नुसती चिरा देऊन अख्खीच जातात. आणि सर्वांत महत्त्वाचं, एकदा भाज्या पडल्या की पळी घालायची नाही. इलोकोसच्या बायका भांडं दोन्ही कानांनी धरून हिसडा देतात, भाज्या वरखाली होतात आणि मोडत नाहीत. पाणी घालायचं ते घोटभर. भेंडी सुरकुतली, वांगं मऊ झालं, पण प्रत्येक फोड ओळखू येते, तिथे गॅस बंद.

कारल्याचं उदाहरण घेऊ, कारण फरक तिथेच लख्ख दिसतो. आपण कारल्याला मीठ चोळतो, पिळतो, तेलात कडक करतो, वर चिंच-गूळ घालतो. सगळी खटपट त्याचा कडूपणा झाकायची. पिनाकबेटमध्ये कारलं कडूच राहतं. त्याच्या शेजारी भोपळ्याची गोड फोड असते, टोमॅटोचा आंबटपणा असतो, कोळंबीचा खारटपणा असतो, आणि हा मेळ मसाल्यात न बसता खाणाऱ्याच्या तोंडात बसतो. कडू ही चव दुरुस्त करण्याची गोष्ट नाही, जेवणात तिला तिची जागा आहे, हे त्या भाजीचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं आहे.

आणि हे म्हणणं आपल्यालाही अगदी परकं नाही. ऋषिपंचमीची भाजी आठवून पाहा. भाद्रपदात परसातलं, बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेलं जे मिळेल ते एकत्र शिजतं: अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, सुरण, मक्याचं कणीस. मसाला जवळजवळ नाहीच. मिरची, मीठ, चिंचेचा कोळ किंवा आंबट चुका. प्रत्येक भाजीची चव वेगळी लागते आणि तरी सगळं एक लागतं. वर्षातून एक दिवस आपण हा संयम व्रत म्हणून पाळतो, तिकडे तो रोजच्या जेवणात आहे. पिनाकबेट करायला लागल्यापासून ऋषीच्या भाजीकडे मी व्रताचा स्वयंपाक म्हणून पाहत नाही. ती पाककलेतली मोठी समज आहे आणि आपण तिला एका तिथीला बांधून टाकली आहे.

आता कोळंबीचा प्रश्न. फिलिपिन्समध्ये बारीक कोळंबी मिठात आठवडे-महिने मुरवून बागोओंग नावाचा लगदा करतात. ही कोळंबी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या जवळ्याचीच जात. वसई, उत्तन, वर्सोव्याच्या कोळणी वाळवतात तो जवळा घाटावरच्या सुक्या मासळीच्या दुकानात सहज मिळतो. तो निवडून, तव्यावर किंचित भाजून, कोमट पाण्यात भिजवून मिठाबरोबर जाडसर कुटला आणि टोमॅटोबरोबर परतला, तर मुरवण्याची खोली येत नाही, पण समुद्राची चव येते. ही अदलाबदल मला प्रामाणिक वाटते, कारण इथे विचार बदललेला नाही.

सुदुंबरे हे मात्र वारकऱ्यांचं गाव. संताजी महाराज जगनाड्यांची समाधी इथे आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांतले संताजी, ज्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, ते जातीने तेली, चाकणचे. गळ्यात माळ असलेल्या घरात जवळा येणार नाही, आणि आणूही नये. तिथे टोमॅटो दुप्पट घ्यावा, तो तेल सुटेपर्यंत आटवावा आणि मीठ जरा सढळ ठेवावं. उत्तम भाजी होते. फक्त तिला पिनाकबेट म्हणू नये, फिलिपिनो पद्धतीने परतलेली भाजी म्हणावं. नाव लावायचं तर त्या नावाचा मान राखला पाहिजे.

संताजींचं नाव आलंच आहे तर तेलाबद्दल बोललं पाहिजे. परतलेल्या भाजीत मसाला नसतो तेव्हा तेल लपत नाही. गोड्या मसाल्याच्या रश्शात कुठलंही पिशवीतलं तेल खपून जातं, इथे खपत नाही. फिलिपिन्समध्ये हे काम खोबरेल करतं, तिथली नारळाची लागवड अफाट आहे. आपण घाण्याचं शेंगदाणा तेल घ्यावं. लाकडी घाणे पुन्हा सुरू झालेत, तेल महाग पडतं, पण या भाजीला लागतं ते दोन चमचे. कढई तापल्यावर भाजलेल्या शेंगदाण्याचा जो वास येतो, तो शेवटच्या घासापर्यंत टिकतो. ज्या गावात तेल्याची समाधी आहे तिथे तेल ओळखायला शिकवणारी भाजी रांधली जावी, याचा मला मनापासून आनंद आहे.

या भाजीतले टोमॅटो आणि भोपळा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. फिलिपिन्सला त्या खंडातली पिकं पोचली ती मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून मनिलाला येणाऱ्या स्पॅनिश गलबतांच्या वाटेने. ही वाहतूक १५६५ ते १८१५, अडीचशे वर्षं चालली. आपल्याकडे मिरची आली पोर्तुगीजांमुळे, गोव्याच्या बाजूने. पृथ्वीला उलट्या दिशांनी वळसा घालून एकाच रानातली पिकं दोन किनाऱ्यांना लागली. त्याच काळात आपला एक माणूस मनिलात होता. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया, आई इथली आणि वडील पोर्तुगीज. मनिलात ते फ्रान्सिस्कन पंथात गेले, तिथून दुभाषे म्हणून जपानला गेले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं गेलं. १८६२ मध्ये चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. वसईत त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, बाकी महाराष्ट्राला मनिला ठाऊक आहे ती मॅगसेसे पुरस्कारामुळे, विनोबांपासून बाबा आमट्यांपर्यंत. या दोन किनाऱ्यांची ओळख आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे.

चिनी कढईचंही तसंच. मनिलातली बिनोंदो ही चिनी वस्ती १५९४ सालची, जगातल्या सर्वांत जुन्या चिनी वस्त्यांत गणली जाणारी. तिथून परतण्याची चिनी रीत फिलिपिनो घरांत गेली आणि चॉप्सुई ही रविवारची, पाहुण्यांसाठीची भाजी झाली: फ्लॉवर, गाजर, कोबी, वाटाण्याच्या कोवळ्या शेंगा, लावरीची अंडी. चॉप्सुई आपल्याकडेही आली. चाकण-तळेगाव रस्त्याला संध्याकाळी ज्या गाड्या लागतात, त्यांच्या फळीवर हे नाव असतं. त्या गाडीवर राबणाऱ्या मुलांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण त्या ताटलीत भाजी उरलेली नसते. लाल रंग, कॉर्नफ्लोअरचा घट्ट रस आणि तळलेल्या शेवया यांच्याखाली गाजर आणि कोबी एकाच चवीचे होतात. चिनी कढईतून दोन देशांनी घेतलं. एकाने भाजी कुरकुरीत ठेवण्याची रीत घेतली, दुसऱ्याने बाटल्या घेतल्या. हा तोटा आपला आहे, आणि तो घरच्या कढईत भरून काढता येतो.

कोणी म्हणेल, मावळातल्या रानभाज्याच लोक विसरत चालले आहेत, तिथे फिलिपिन्सचं कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे आणि तो मला टोचतो. पहिल्या पावसानंतर डोंगरउतारावर फोडशी येते, टाकळा, कुर्डू, भारंगी येते, आणि कारखान्यांच्या पाळ्यांत अडकलेल्या घरांत ती निवडायला कोणाला वेळ नाही. पण या भाज्या सुटल्या त्या परक्या पदार्थांमुळे नव्हे. डोंगर विकला गेला, आणि ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बायका गेल्या, म्हणून सुटल्या. उलट, भाजीला तिच्याच चवीवर सोडून देण्याची रीत ज्याच्या हाताला लागली, तो फोडशीकडे परत येतो. लसूण, कांदा, टोमॅटो आणि वर मूठभर फोडशी, दोन मिनिटं मोठ्या आचेवर: तरुण मुलं ती मागून खातात. शेवग्याचा पाला तर फिलिपिन्समध्ये मुगाच्या पातळ उसळीत हटकून पडतो, आणि तिथल्या ख्रिस्ती घरांत शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून ती उसळ ठरलेली असते. आपल्या तळकोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी लागतेच. मावळात मात्र शेंगा काढून घेतात आणि पाला बांधावर वाळून जातो.

परकं किती घ्यावं आणि आपलं किती राखावं, याचं उत्तर मावळाने शेतात आधीच दिलेलं आहे. १९६० साली फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. तिथे इंडोनेशियातली उंच पेटा आणि तैवानची बुटकी दी-गिओ-वू-जेन यांच्या संकरातून आयआर-८ हे वाण निघालं आणि १९६६ मध्ये जगापुढे आलं. त्या पेटाच्या आईबापांत एक जात बंगालकडची होती, लातिसैल. आयआर-८ ताठ उभं राहायचं, भरघोस पिकायचं, पण त्याचा भात गार झाला की टणक व्हायचा आणि चवीला कोणी चांगलं म्हणत नसे. आपला आंबेमोहोर वासाला राजा, पण उंच, पावसा-वाऱ्यात लोळणारा आणि उताऱ्याला कमी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर झाला आणि १९८७ मध्ये नवं वाण शेतकऱ्यांच्या हाती आलं. पीक परक्याच्या बळाचं, वास आणि मऊपणा आपल्या घरचा. काय घ्यायचं आणि काय सोडायचं नाही, हे त्या केंद्रातल्या माणसांना नेमकं कळलं होतं.

त्या वाणाचं नाव इंद्रायणी. कामशेतला गाडी थांबवून लोक ज्याची पोती पुण्या-मुंबईला नेतात, देहू-आळंदीच्या नदीचं नाव लावून जो तांदूळ मावळाचा म्हणून मिरवतो, त्याच्या अंगात निम्मं रक्त फिलिपिन्समधल्या शेतातून आलेलं आहे. तेव्हा ही भाजी केलीत तर सोबत पोळी नको. इंद्रायणीचा गरम भात घ्या, वर वरण घेऊ नका, आणि पहिला घास कारल्याचा घ्या.