नावाची राखण कोणी करायची?

मूल मोठे होते म्हणजे नेमके काय होते? उंची वाढते, इयत्ता बदलते, चपलेचे माप बदलते. पण ही झाली बाहेरची मोजमापे. खरा प्रश्न असा, की मोठे होताना माणूस जुने टाकून नवा होतो, की जुने सांभाळूनच नवा होतो? घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि नोकरीच्या अर्जावर तिसरी, अशा मुलखात मुले वाढविणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न नुसत्या तत्त्वचर्चेचा नाही.

हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा 'स्पिरिटेड अवे' हा २००१ सालचा चित्रपट याच प्रश्नाभोवती फिरतो. २००२ साली बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल आणि २००३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. रेखाटलेल्या चित्रांची ही अद्भुतकथा मुलांसाठी आहे खरी. परंतु शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांनाही ती स्वस्थ बसू देत नाही.

दहा वर्षांची चिहिरो आईवडिलांबरोबर नव्या घरी राहायला निघालेली असते. वाटेत एका ओसाड जागी मांडून ठेवलेल्या अन्नावर आईवडील मालकाची वाट न पाहता तुटून पडतात. खिशात पैसे आहेत, मग भीती कसली, हा वडिलांचा हिशेब. दोघांची डुकरे होतात. चिहिरो एकटी उरते ती देवभुतांच्या स्नानगृहात. तेथील मालकीण युबाबा तिला काम देते, पण करारावरील तिच्या नावाची अक्षरे काढून घेते आणि एकच अक्षर ठेवते. त्याचा उच्चार 'सेन'. हाकू नावाचा मुलगा तिला बजावतो, की नाव विसरलीस तर घरची वाट सापडणार नाही. तो स्वतः जादूविद्येच्या ओढीने येथे आला. विद्या मिळाली आणि नाव गेले.

येथवर आल्यावर सोपा निष्कर्ष काढावासा वाटतो: चिहिरो खरी, सेन खोटी, परके नाव नाकारावे. परंतु कथा तसे म्हणत नाही. फरशी घासणे, मोठ्यांपुढे अदबीने वाकणे, दुर्गंधीने माखलेल्या पाहुण्याच्या अंगात रुतलेली सायकल ओढून काढणे आणि त्या घाणीतून नदीचा देव प्रकट होणे, हे सारे सेनच्या हातून घडते. रडवी चिहिरो धीट होते ती सेन होऊनच. चित्रपटाच्या मूळ जपानी शीर्षकातही 'सेन आणि चिहिरो' अशी दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत.

उलट युबाबाचे बाळ पाहा. बाहेर रोगजंतू आहेत या धाकाने ते उशांनी भरलेल्या खोलीत ठेवलेले. देह राक्षसाएवढा, पण बाळ ते बाळच. नुसत्या संरक्षणाने अंग वाढते, माणूस वाढत नाही.

मग नाव राखायचे कोणी? कथेचे मर्म येथे आहे. चिहिरोही आपले नाव विसरू लागलेली असते. ते तिला आठवते मैत्रिणीने निरोप देताना लिहिलेल्या कार्डावर वाचून. पुढे हाकूला त्याचे नाव परत देते ती चिहिरो. लहानपणी आपण एका नदीत पडलो होतो, ही आईने सांगितलेली हकीकत तिला आठवते आणि हाकू त्याच नदीचा देव ठरतो. ती नदी बुजवून तेथे घरे उभी राहिली आहेत; तिचे नाव उरले आहे ते एका आईच्या सांगण्यात. आणि ही तीच आई, जी या वेळी डुकराच्या रूपात पडून आहे! चुकलेल्या आईवडिलांच्या बोलण्यातही मुलाला पुरेल एवढी शिदोरी असू शकते.

आपल्याकडेही कोणी स्वतःचे नाव स्वतः ठेवत नाही. बारशाला आत्या ते कानात सांगते. जे दुसऱ्यांनी दिले, त्याची राखणही बरीचशी दुसऱ्यांच्याच हाती असते. मूल वेगळ्या लिपीत आपले नाव लिहू लागले, वेगळ्या उच्चाराने आलेल्या हाकेला ओ देऊ लागले, म्हणून धास्तावून त्याला उशांच्या खोलीत ठेवू नये. त्याने तेथे राबावे, शिकावे, माणसे जोडावीत. त्यातूनच ते धीट होईल. मात्र त्याला मूळच्या नावाने हाक मारणारे आणि त्याच्या लहानपणीची हकीकत कंटाळा न करता पुन्हा सांगणारे कोणीतरी घरात असावे. हे काम शाळेवर सोपवून चालणार नाही. शाळा हजेरीपटावर नाव लिहील. हाक मात्र घरूनच यावी लागते.