रामाचा पुढचा भाग

आर्थर क्लार्कच्या ‘राँदेव्हू विथ रामा’ या १९७३ सालच्या कादंबरीत सूर्यमालेत पन्नासेक किलोमीटर लांबीचं एक नळकांडं शिरतं. ग्रीक-रोमन देवांची नावं देऊन संपलेली असतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ त्याला रामाचं नाव देतात. माणसं आत उतरतात, फिरतात, थक्क होतात आणि परततात. नळकांडं सूर्याला वळसा घालून निघून जातं. ते कुणी बांधलं, कशासाठी, काही कळत नाही. फक्त शेवटच्या वाक्यात एक खडा टाकलेला आहे: ते बांधणारे सगळं तीन-तीनदा करतात.

ते वाक्य शेवटचा हात फिरवताना सहज सुचलं, पुढचा भाग काढायचा विचार नव्हता, असं क्लार्कने नंतर सांगितलं. वाचकांनी मात्र ते वचन म्हणून धरून ठेवलं. १९८९ ते १९९३ या काळात जेंट्री ली या अंतराळ-अभियंत्याबरोबर तीन पुढचे भाग आले आणि तक्रारी सुरू झाल्या. रामाचं गूढ बाजूला राहिलं, माणसांचे संसार आणि भांडणंच फार झाली, ही त्यातली मुख्य. मला ती बरीचशी पटते. पण तिच्या तळाशी दुसरं काहीतरी आहे. सोळा वर्षं वाचक स्वस्थ बसला नव्हता. रामा कुणी बांधला याचं आपापलं उत्तर त्याने मनात रचलं होतं, आणि लेखकाने येऊन ते खोडलं. पुढच्या भागावरचं मत पुष्कळदा पुस्तकापेक्षा या मधल्या वर्षांबद्दलच असतं.

आयझॅक असिमॉव्हचं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘फाउंडेशन’ची तीन पुस्तकं १९५३पर्यंत निघाली. वाचकांचा आणि प्रकाशकाचा तगादा चालूच राहिला, आणि चौथं पुस्तक आलं ते १९८२ साली. ते तडाखेबंद खपलं, त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. आज सगळे भाग एका खोक्यात विकत घेऊन पंधरा दिवसांत संपवणारा वाचक आणि एकोणतीस वर्षं थांबलेला वाचक एकाच पुस्तकाबद्दल बोलतात, असं मला तरी वाटत नाही.

इच्छापोरला राहून हे जास्त जाणवतं. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. आसपास कारखाने, नोकरीनिमित्त आलेली माणसं. सुरतेत मराठी माणसांना तोटा नाही, खानदेशातून आलेली कुटुंबं तर पिढ्यान्‌पिढ्यांची. पण मराठी पुस्तक आमच्यापर्यंत बहुधा गावाहून येणाऱ्याच्या पिशवीतून येतं. पिशवीत क्रम नसतो. दुसरा भाग आधी हाती पडतो, पहिला कधीतरी मागाहून, किंवा पडतच नाही. अशा वाचकाची पुढच्या भागाबद्दल तक्रार जवळजवळ नसते. त्याने वाटच पाहिलेली नसते.

पण वाट पाहिली की नाही, एवढ्यावरच मत ठरत नाही. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो पाहा. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. १८७०च्या समुद्रकथेत निमो कोण, कुठला, याचा पत्ता लागत नाही. व्हर्नच्या मनात तो रशियाने लुबाडलेला पोलिश सरदार होता, पण प्रकाशक हेत्झेलने ते मानलं नाही, म्हणून जागा कोरी राहिली. १८७४-७५च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये ती भरली: निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपूच्या नात्यातला, १८५७च्या लढ्यात घरदार गमावलेला. दोन्ही कादंबऱ्यांतल्या सालांचा मेळ बसत नाही, हे वाचकांनी केव्हाच दाखवून दिलं. आपण मात्र या उत्तरावर खूश असतो. का, ते उघड आहे. निमो पोलिशच राहिला असता तर पुढच्या भागाने गूढ घालवलं म्हणून आपणच कुरकुरलो असतो. वाचकाचं मत निःपक्षपाती असतं, हे मी फारसं मनावर घेत नाही.

मराठी विज्ञानकथेत या वादाला वावच कमी मिळाला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली. तेव्हापासून हा प्रकार मुख्यतः कथेच्या आकारात वाढला, मासिकांत आणि दिवाळी अंकांत. तिथे गोष्ट त्याच अंकात मिटते. मालिका वाचायची हौस बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी भागवली, पण त्यांचा नायक झुंजार याच्या पुढच्या पुस्तकात मागचं काही खोडलं जात नाही. तिथे कोण हरकत घेणार?

तरीही ‘पुढचा भाग नको होता’ ही तक्रार आपल्याला नवी नाही, आणि तीही रामाच्याच बाबतीतली आहे. युद्धकांडाच्या अखेरीस राज्याभिषेक होतो, फलश्रुतीही येते. म्हणजे ग्रंथ तिथे आटोपलेला दिसतो. त्यापुढचं उत्तरकांड मागाहून जोडलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सीतेचा त्याग त्यातला, शंबूकाचा वधही त्यातलाच. गेली कित्येक शतकं लोक हा भाग वाचतात, त्यावर चिडतात, तो आपला नव्हेच म्हणतात आणि पुन्हा वाचतात. आठव्या शतकात विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने नुसती कुरकुर केली नाही. त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिलं आणि शेवटी राम-सीतेची भेट घडवून आणली. पुढच्या भागावर वाचकाने दिलेलं इतकं सणसणीत मत मला दुसरं माहीत नाही.

क्लार्कवर रागावलेल्यांना ही वाट सध्या बंद आहे. ते २००८मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा त्यांच्या रामाचा आपल्याला हवा तो पुढचा भाग छापायला २०६९ उजाडावं लागेल.