उजवी तुडुंब, डावी उपाशी

इकडे ये. बसू नकोस, उभाच राहा. आणि ‘सर, बॅटरीच मेली होती’ हे पालुपद आता बंद. एकदा म्हणालास, नाखव्याने बिचाऱ्याने ऐकलं, दोन कोऱ्या बॅटऱ्या आणल्या आणि जुन्या भंगारवाल्याला दिल्या. तीन आठवडे झाले नाहीत तोच मिरकरवाड्याच्या धक्क्यावर तीच बोट, तोच सेल्फ, आणि सकाळी चार वाजता तोच ‘कट्ट’ आवाज. आता नव्याही मेल्या म्हणायच्या का?

परवा संध्याकाळी मी स्वतः गेलो. माझ्या गुडघ्यांना बोटीत उतरायची हौस नाही, पण नाखवा इथे वर्कशॉपच्या दारात येऊन काय बोलला ते मी तुला सांगत नाही. मान खाली गेली माझी. तुला पास मीच केलाय.

तुझी वही बघितली. इंजिन चालू ठेवून मीटर लावलास, २७.८ व्होल्ट दिसले आणि निकाल देऊन टाकलास: डायनॅमो चार्ज देतोय, तरी सकाळी सेल्फ उचलत नाही, तेव्हा बॅटऱ्या खराब. अरे शहाण्या, इंजिन चालू असताना मीटर सांगतो ती डायनॅमोची हकिगत. अंगातला ताप बघायला थर्मामीटर चहाच्या कपात घातलास तू.

मी इंजिन बंद करून मेन स्विच काढला. रात्री बोटीवर कोणी झोपायचं नाही असं बजावून घरी आलो. चार्ज झाल्याझाल्या व्होल्टेज फुगलेला असतो, तो खाली बसायला काही तास द्यावे लागतात, हे फळ्यावर किती वेळा लिहिलंय? काल सकाळी मोजलं तर दोन्ही मिळून २४.६. तू असतास तर तेवढंच लिहून परत आला असतास. चोवीस व्होल्टची बोट म्हणजे बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. नुसती बेरीज काय बघायची? एकेक मोजली. उजवी १२.७, म्हणजे तुडुंब. डावी ११.९, म्हणजे तळ गाठलेली. एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या, एकाच डायनॅमोवर चालणाऱ्या दोन बॅटऱ्या!

मग हायड्रोमीटर काढला. तो तुझ्या बॅगेत कधी नसतोच, काचेचा आहे, फुटतो म्हणे. डावीच्या सहाही सेलची बुचं काढून ग्रॅव्हिटी बघितली: १.१५, १.१५, १.१६, पुन्हा १.१५, सगळीकडे तेच. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असता तर तुझं म्हणणं मी ऐकून घेतलं असतं, सेल गेला म्हटलं असतं. सहाही सारखेच खाली म्हणजे बॅटरी धड आहे, तिला पोटभर मिळत नाही. उजवीत १.२७, पण पाणी उतरून प्लेटांच्या डोक्याला टेकायला आलेलं. आलं का काही लक्षात? एक उपाशी, आणि दुसरी जास्त चार्ज खाऊन उकळतेय.

तरी नाही आलं. बरं. डावीच्या टर्मिनलवर जाड केबलखाली एक बारीक लाल वायर होती. मेन स्विचच्या अलीकडून काढलेली. फळीखालून, डिझेलच्या टाकीमागून ती थेट केबिनमध्ये जाते, तिथे मोटारीतला बारा व्होल्टचा टेप आणि खलाशांचे मोबाइल चार्ज करायचा सॉकेट. गाणी ऐकू देत, माझी ना नाही. महिना महिना घरापासून लांब राहणारी पोरं आहेत ती. पण दोन अँपिअर म्हटले तरी रात्रीचे आठ तास, सोळा अँपिअर-अवर रोज, आणि तेही एकट्या डावीच्या पोटातून. सकाळी डायनॅमो दोघींमधून सारखाच करंट घालतो, सिरीजमध्ये दुसरा मार्गच नाही. उजवी आधीच भरलेली, तिचा व्होल्टेज चढतो, डायनॅमोच्या रेग्युलेटरला एकूण आकडा पुरेसा वाटतो आणि तो हात आखडतो. डावी अर्धपोटी राहते. दुसऱ्या रात्री पुन्हा टेप.

जुन्या बॅटऱ्यांचंही हेच झालं असणार. त्यांच्या नशिबी तर पुढे १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीचे ६१ दिवस. अर्धीमुर्धी बॅटरी तशीच पडू दिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग कितीही चार्ज करा, ती घेत नाही. बंदीआधी केबली सोडून, भरून ठेवल्या असत्या आणि मध्ये एकदोनदा चार्जरवर टाकल्या असत्या, तर डावी कदाचित वाचली असती. उजवी तर तू धडधाकट भंगारात घातलीस, असा मला दाट संशय आहे. एकदा वेगळी मोजली असतीस तर कळलं असतं.

आता त्या लाल वायरच्या जोडावरची टेप. पिवळी. रत्नागिरीत सगळे काळी वापरतात. पिवळीचा खोका आपल्या वर्कशॉपमध्ये आहे, त्या कपाटात, आणि गेल्या हंगामात त्यातून दोन रिळं कोणी नेली ते रजिस्टरमध्ये सहीनिशी आहे. तांडेलाने पाठीवर थाप मारली असेल, ‘काय पोरगा हुशार’ म्हणाला असेल. बोल की. मघापासून तोंड भरून बोलत होतास.

उद्या सकाळी सहाला धक्क्यावर. ती वायर तूच काढायचीस, तांडेलासमोर, आणि टेपला चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवायचा, फ्यूजसकट, मेन स्विचच्या पलीकडून. त्याचे पैसे नाखव्याकडे मागायचे नाहीत. डावी सोडवून वेगळ्या चार्जरवर लाव, शंभर अँपिअर-अवरची आहे, दहा अँपिअरच्या वर जाऊ नकोस. तासातासाने ग्रॅव्हिटी लिही, सलग तीन वेळा आकडा हलला नाही की भरली समज. उजवीत डिस्टिल्ड वॉटर घाल. विहिरीचं नको, नळाचं नको, आणि ‘थोडं ॲसिड टाकतो, ताकद येईल’ हा शहाणपणा तर मुळीच नको. फळ्या उघड्या ठेव, हायड्रोजन साचतो, कोणाला विडी पेटवू देऊ नकोस.

आणि ती हातातली अंगठी घरी ठेवून ये. पाना धरताना ती टर्मिनलवर टेकली तर बोट भाजून निघेल.