दशांशाची शेपटी

परवा एका सहकाऱ्याने गेमच्या सीनमधला एक दरवाजा जरासा सरकवला, फाइल सेव्ह केली आणि तपासायला माझ्याकडे पाठवली. दरवाजा एक, बदललेल्या ओळी दोनशेच्या वर. कुठे ०.१ चं ०.१०००००००१ झालेलं, कुठे १ चा १.०, कुठे उणे शून्याचं नुसतं शून्य. विचारलं तर म्हणाला, "त्या ओळी सोडून दे रे. आकडे तेच आहेत."

ते "आकडे तेच" डोक्यातून जाईना. संख्या तीच आहे, आकडेच तर बदललेत! दरवाजा भिंतीपासून किती लांब, ती संख्या. ते अंतर लिहून कसं दाखवलं, ते आकडे. गेम चालवणाऱ्या इंजिनाला संख्येशी कर्तव्य. फाइलींतले बदल टिपणाऱ्या गिटला मात्र फक्त लिहिलेलं दिसतं, आणि गिट जे पुढे ठेवतं तेच मी वाचतो.

०.१ संगणकाच्या द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, नेमकं बसत नाही, हे या धंद्यात कुणाला नव्याने सांगायला नको. पण त्यावरून मला जुन्या शाळांतले पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे आठवतात. पाव, अर्धा, पाऊण ही सगळी निम्म्याचं निम्मं करत मिळणारी मापं, आणि संगणकाच्या पोटात तीच कणभरही न सांडता मावतात. सोळा आण्यांच्या रुपयातला एक आणा म्हणजे ०.०६२५, तोही बिनचूक मावतो. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यातला एक पैसा, ०.०१, द्विमानात लिहायला घेतला तर कधी संपतच नाही. कुठेतरी तोडावा लागतो, आणि तोडला की शेपटी फुटते.

माझा तोडगा ठरलेला होता: सात अंकांवर गोल करा, सगळ्या मशीनवर तसंच लिहा. शेपट्या छाटल्या की ओळी हलायच्या नाहीत. हे पटवून द्यायला म्हणून मी नव्वद अंशांत वळवलेल्या वस्तूचं उदाहरण घेतलं. त्या वळणाच्या नोंदीत अर्ध्याचं वर्गमूळ येतं. ३२ बिटांत ते ०.७०७१०६७७ असं बसतं. गोल केलं की ०.७०७१०६८, दिसायला सुबक. पण हे सुबक लिखाण परत वाचलं तर ३२ बिटांतली सगळ्यात जवळची संख्या निघते ०.७०७१०६८३, म्हणजे शेजारच्या घरातली. फाइल सेव्ह करून नुसती उघडली आणि संख्या बदलली! आकडे नीटनेटके करायला गेलो आणि धक्का संख्येला लागला. तिथे माझा तोडगा मी सोडला.

परत वाचल्यावर तीच संख्या मिळेल असे, पण कमीत कमी अंक लिहायचे, हा मार्ग गाय स्टील आणि जॉन व्हाइट या संगणकतज्ज्ञांनी १९९० मध्येच मांडला होता. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा २००९ च्या ३.१ आवृत्तीपासून असंच लिहिते. त्यात ०.१ हे ०.१ च राहतं, आणि ज्या संख्येला आठ अंक लागतात तिला आठ मिळतात. शेपटी लांब की आखूड, हा मुद्दाच नव्हता. एका संख्येचं लिखाण दर वेळी एकच असायला हवं. जर्मन सेटिंगच्या मशीनवरही ०.५ चं ०,५ होता कामा नये.

सहकाऱ्याचं म्हणणं वेगळंच. अगदी बारीक फरक दाखवूच नको असं बदल दाखवणाऱ्या टूलला सांगून टाकू, म्हणाला. मला ते मुळीच मान्य नाही. टूल बारीक फरक लपवेल, पण १ चा १.० झाला तरी "सोडून दे" म्हणणारी नजर तशीच राहील. आज जी सवय लागेल ती उद्या खऱ्या बदलावरूनही घसरेल.

म्हणून त्या दिवशी सगळ्या ओळी एकेक करून वाचल्या. बऱ्याच खाली एका दिव्याची तीव्रता ०.८ ची ०.०८ झाली होती. दरवाजाशी त्या दिव्याचा काही संबंध नव्हता. टाइप करताना हात चुकला असावा. सहकाऱ्याला दाखवली. तो काही बोलला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला आणि ती ओळ पूर्ववत केली. खालच्याच ओळीत ०.७०७१०६७७ होतं. तेही छाटायला त्याने कर्सर नेला, तेव्हा मी म्हणालो, "ते राहू दे, ते बरोबर आहे."